गायक गेला म्हणून गाणं बेवारस होत नाही

पंजाबी गायक सिद्धू मूसेवालाचं एखादं न आलेलं गाणं व्हॉट्सॲपवर फिरू लागलं की सोबत मजकूर ठरलेला असतो: 'माणूस गेला, आता लीक ऐकल्याने कुणाचं काय बिघडतं? ओरिजिनल तर हेच आहे. घरचे नुसते पैसे कमावतायत. आपण ऐकलं नाही तर गाणी कायमची जातील.' मी स्वतः त्याचा चाहता आहे. पंजाबी अर्धीच कळते, पण गाणी पाठ आहेत. म्हणूनच यातलं जवळपास काहीच मला पटत नाही.

बिघडतं, आणि कुणाचं तेही माहीत आहे. २९ मे २०२२ ला पंजाबातल्या मानसा जिल्ह्यात त्याचा खून झाला, तेव्हा तो २८ वर्षांचा होता. त्यानंतर काही दिवसांतच त्याच्या इन्स्टाग्राम खात्यावरून संगीतकारांना विनंती झाली होती की पूर्ण-अपूर्ण जे काही तुमच्याकडे आहे ते बाहेर काढू नका, वडिलांच्या, बलकौर सिंग यांच्या हवाली करा. मुलाचा दुखवटा संपलेला नसताना त्या बापाला हे मागावं लागलं. आपण फॉरवर्ड करतो तेव्हा ही विनंती धुडकावतो.

'ओरिजिनल हेच' हा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो. माझा एक मित्र चाली लावतो. एकदा रात्री त्याने मला एका गाण्याची डमी, म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग, ऐकवली. मुखडा नीट होता. अंतऱ्यात शब्दच नव्हते, नुसतं 'ना ना ना', मागे पंख्याची घरघर, मध्येच खोकला आणि 'थांब, परत घेऊ'. मला तो अंतरा फार आवडला. दोन महिन्यांनी गाणं तयार झालं, तर अंतऱ्याची चाल पूर्ण वेगळी. मी हळहळलो. तो म्हणाला, "अरे, ती टाकायचीच होती. दुसरी सुचेपर्यंत धरून ठेवली होती."

ती डमी बाहेर गेली असती तर लोकांनी तिलाच त्याचं खरं गाणं म्हटलं असतं. तो हयात आहे, निदान 'हे माझं नाही' असं सांगू शकतो. गेलेल्या माणसाला ती सोय नाही. अमेरिकेतला गायक अँडरसन पाक याने २०२१ मध्ये हातावर गोंदवूनच घेतलं: मी गेल्यावर माझ्या नावाने गाणी काढू नका, ती नुसती डेमो होती.

आता घरच्यांचे पैसे. मूसेवालाने लिहिलेल्या शब्दांचा हक्क भारतीय कायद्याने त्याच्यानंतर ६० वर्षं राहतो, आणि सहसा तो वारसांकडे जातो. त्यात लपवण्यासारखं काय आहे? उलट २०२२ मध्ये त्याच्या आवाजातलं 'जांदी वार' आई-वडिलांना न विचारता येतंय म्हणून ते मानसाच्या न्यायालयात गेले आणि प्रदर्शन थांबलं.

अधिकृत म्हणजे आपोआप चांगलं, असंही मी म्हणणार नाही. मायकल जॅक्सनच्या नावाने २०१० मध्ये 'मायकल' अल्बम आला. त्यातल्या तीन गाण्यांतला आवाज त्याचा नाहीच, अशी शंका चाहत्यांनी लगेच घेतली. २०२२ मध्ये ती गाणी स्ट्रीमिंगवरून काढली गेली. तिथे चाहते बोलले ते योग्यच केलं. पण त्यावरचा उपाय लीक नाही. उपाय अमेरिकन रॅपर मॅक मिलरच्या 'सर्कल्स' या अल्बममध्ये दिसतो. २०१८ मध्ये तो गेला तेव्हा संगीतकार-निर्माता जॉन ब्रायन त्याच्यासोबत त्याच अल्बमवर काम करत होता. ब्रायननेच तो पुरा केला, आणि जानेवारी २०२० मध्ये घरच्यांनी हे उघड सांगूनच तो आणला. कुणी पुरं केलं, त्याचं स्वतःचं किती होतं, एवढं आपण मूसेवालाच्या घरच्यांनाही मोकळेपणाने विचारू शकतो.

राहिलं 'गाणी कायमची जातील'. कुठे गेली? जून २०२२ मध्ये 'एसवायएल' आलं, नोव्हेंबरात 'वार'. २०२३ मध्ये 'मेरा ना', मग आपल्या मुंबईच्या रॅपर डिव्हाइनसोबतचं 'चोरनी'. आणि ११ जून २०२५ ला, त्याच्या वाढदिवशी, 'मूस प्रिंट' या संचाची तीन गाणी. त्या तीन गाण्यांसाठी तीन वर्षं थांबावं लागलं. मी थांबलो होतो.