साक्ष रिपोर्टवरच्या सहीतही असते

‘ऑफिसात साक्ष द्यायची तर डबा खाताना सहकाऱ्यांशी प्रभूविषयी बोला,’ हे कामाच्या ठिकाणी ख्रिस्ती विश्वासाची साक्ष देण्याविषयीच्या तुमच्या लेखातलं वाक्य मला फार अपुरं वाटलं. मी भोसरीत एका वर्कशॉपमध्ये क्वालिटीला आहे. महिनाअखेर, टेम्पो दारात उभा, शाफ्टचा व्यास टॉलरन्सबाहेर, म्हणजे चालण्याजोग्या फरकाच्या पलीकडे, आणि वरून सांगणं येतं, ‘रीडिंग आतलं लिही, सही कर.’ खरी प्रार्थना लागते ती तेव्हा. खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट आहे असं नीतिसूत्रांच्या ११व्या अध्यायात म्हटलंय. व्यास मोजायचा मायक्रोमीटरही त्यातच आला.

आणि पुण्यात बसून लिहिताना तुमच्याकडून केडगावचं मुक्ती मिशन, पंडिता रमाबाईंनी निराधार बायकांसाठी काढलेली संस्था, कसं सुटलं? रमाबाईंनी मराठीत भाषांतरित केलेलं बायबल तिथल्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातून १९२४ साली छापून निघालं. पुढच्या लेखात त्या छपाईचे खिळे जुळवणाऱ्या बायकांबद्दल जरूर लिहा.