पानी पयले किसको भेटेगा?

आज दुपारी चिखलदऱ्याहून परत आलो तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. समोर ठेवलेला चहा निवून गेला तरी हात लावला नाही. शेवटी, जे वाटते ते लिहूनच काढावे म्हणून बसलो आहे. पोस्ट लांबणार आहे. ज्यांना वेळ असेल त्यांनी शेवटपर्यंत वाचावी, एवढीच विनंती.

चिखलदऱ्याच्या पर्यटनाचा पुढच्या काही वर्षांचा विचार करण्यासाठी आज तिथे एक बैठक होती. ती कोणी बोलावली हे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण अशा बैठका मी याआधीही पाहिल्या आहेत आणि माणसे बदलली तरी त्यांची रीत बदललेली नाही. दीपप्रज्वलन झाल्यावर आसपासच्या गावांतून आणलेल्या कोरकू आदिवासी मुलींनी गदली-सुसून हा आपला पारंपरिक नाच केला. बाहेर दाट धुके होते, सभागृहाच्या फरशीला ओल सुटली होती आणि त्या थंडगार फरशीवर त्या मुली अनवाणी नाचत होत्या. सगळ्यांनी मोबाईल काढून चित्रण केले, टाळ्या वाजवल्या. नाच संपल्यावर मुलींना आणि त्यांच्यासोबत आलेल्या बायांना नाश्त्याची पाकिटे देण्यात आली, आणि 'तुमची गाडी खाली लागली आहे' असे सांगून त्यांना वाटेला लावण्यात आले. चर्चा त्यानंतर सुरू झाली.

त्या बायांमध्ये एक म्हातारी होती, जिला मी तीस वर्षांपासून माय म्हणतो. तिची नात नाचायला आली होती, पण ती स्वतः आली होती एक प्रश्न विचारायला. दारातून बाहेर काढले जात असताना तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "गुरुजी, इतने लोग और आयेंगे, तो पानी पयले किसको भेटेगा?" मी म्हणालो, "माय, मी विचारतो." ती गेली.

मायचा हा प्रश्न समजायचा असेल तर तिच्या गावचा झिरा समजून घ्यावा लागेल. नोकरीच्या सुरुवातीला माझी नेमणूक तिच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेवर होती. पावसाळ्यात ज्या गावात चार-चार दिवस सूर्य दिसत नसे, त्याच गावाची विहीर मार्च संपता संपता तळ दाखवायची. मग बाया नाल्याच्या कोरड्या पात्रात हातभर खोल खड्डा करायच्या. त्याला झिरा म्हणतात. त्यात पाणी साचत नाही, पाझरते. एक बाई खाली बसून वाटीने ते पाणी गुंडात, म्हणजे घागरीत, भरते आणि बाकीच्या आपापले गुंड ओळीने मांडून वाट पाहतात. मी नवखा होतो. एका पहाटे बादली घेऊन गेलो आणि भराभरा उपसू लागलो, तर चौथ्या-पाचव्या तांब्यालाच पाणी गढूळ झाले. मायने माझ्या हातातला तांब्या काढून घेतला. रागावली नाही. जेवढे पाझरते तेवढेच घ्यायचे, घाई केली तर दिवसभर कोणालाच मिळत नाही, एवढे तिने मला समजावले. मग मला प्यायला तांब्याभर पाणी सगळ्यांच्या आधी दिले, कारण मी पाहुणा होतो. आणि बादली मात्र ओळीत शेवटी लावायला सांगितली, कारण ज्या घरात तान्हे लेकरू होते त्या घराचा नंबर पहिला होता.

आज त्या सभागृहात बसून मी दीड तास हीच गोष्ट मनात घोळवत होतो. समोर पडद्यावर चित्रांमागून चित्रे सरकत होती. गोराघाट पॉइंटपासून हरिकेन पॉइंटपर्यंतचा ४०७ मीटरचा स्कायवॉक, साहसी खेळ, वाहनतळ, नवी हॉटेले, खोल्यांची संख्या, रंगीत कारंजी. कारंजी! ज्या तालुक्यातल्या खडीमलसारख्या गावात उन्हाळ्यात टँकरचे पाणी विहिरीत ओततात आणि त्या विहिरीच्या काठावर बाया जिवावर उदार होऊन दोर सोडतात, त्या तालुक्यासाठी कारंजी. डोंगरावर मे महिन्यात पाणी किती उरते आणि ते आधी कोणाचे, यावर त्या सादरीकरणात एकही पान नव्हते.

मी हात वर केला. मायचा प्रश्न माझ्या भाषेत विचारला. उत्तर मिळाले की, पाण्याचा विषय दुसऱ्या विभागाकडे आहे, तो इथे काढू नये.

याचा मला अजून राग येतो आहे आणि हे लिहिताना तो वाढतो आहे. पाणी दुसऱ्या विभागाकडे, जंगल तिसऱ्याकडे, रस्ता चौथ्याकडे, आणि माणसे कोणाकडेच नाहीत. २०२२ च्या जुलैमध्ये याच तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत विहिरीचे दूषित पाणी पिऊन माणसे दगावली. पावसाळा ऐन भरात होता. पर्यटकांच्या गाड्यांची रीघ लागते ते हेच दिवस. डोंगरावर चारी बाजूंनी धबधबे कोसळत असताना प्यायला चांगले पाणी नाही म्हणून माणूस मरतो, हे ज्याला डाचत नाही त्याने डोंगराचे नियोजन करू नये.

मला विकासविरोधी म्हणणारे आता पुढे येतील, म्हणून सांगतो. पर्यटनाने इथल्या पोरांच्या हाताला काम मिळाले, हे मला मान्य आहे. माझ्या शाळेतला एक विद्यार्थी आज जीप चालवतो आणि त्याचे घर त्यावर चालते. मोथा गावची रबडी आणि स्ट्रॉबेरी रस्त्याच्या कडेला विकली जाते ती पर्यटकांमुळेच. हे सगळे खरे आहे आणि ते बंद व्हावे असे मी कधीही म्हटलेले नाही. पण मोठ्या हॉटेलात साहेबाच्या खुर्चीवर माझा कोणता विद्यार्थी बसला आहे, हे मला कोणी दाखवावे. ते चादरी धुतात, बागेला पाणी घालतात, रात्री फाटकावर उभे राहतात आणि सुटीच्या दिवशी गावी जाऊन आईसाठी झिऱ्यावर नंबर लावतात.

हा डोंगर मुळात पाणी धरून ठेवणारा नाही, हे आपल्यासारख्या पायथ्याच्या माणसांना तरी कळायला हवे. काळा पाषाण आणि त्यावर मातीचा पातळ थर, अशी इथली ठेवण. पाऊस धो धो पडतो आणि उतारावरून धावत खाली येतो. त्याला थांबवतात ती झाडे, बांबूची बेटे, गवत आणि पालापाचोळा. पठार मोकळे करून सिमेंट अंथरले की पाणी थांबायला जागा उरत नाही. सिपना, खापरा, गडगा, डोलार या नद्या याच जंगलातून तापीकडे जातात, आणि आपल्या बाजूला उतरतात सापन आणि चंद्रभागा. अचलपूर-चांदूरबाजारकडच्या ज्या संत्र्यांच्या बागांचा आपण अभिमान बाळगतो, त्यांची तहान या डोंगराशी बांधलेली आहे. आपण तिथे रविवारी भुट्टा खायला जातो आणि आपल्या विहिरीचे मूळ तिथे आहे हे विसरतो. हा दोष माझाही आहे. इतकी वर्षे मीही गप्पच होतो.

बैठकीत एका वक्त्याने सांगितले की, १८२३ साली हैदराबादच्या फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सनने चिखलदऱ्याचा शोध लावला. पुस्तकांतही तसेच छापलेले आहे. भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत टाकले तो कीचकदरा, ही कथा आपल्या आज्या-पणज्या त्याच्या कितीतरी आधीपासून सांगत आल्या, गाविलगडाच्या तटबंदीवर १८०३ मध्ये इंग्रजांनी हल्ला केला तेव्हाही या डोंगरात वस्त्या होत्या, आणि कोरकू तर इथे किती पिढ्यांपासून आहेत याची मोजदाद नाही. तरी शोध लागला रॉबिन्सनला. दोनशे वर्षे झाली, पण डोंगराकडे पाहण्याची नजर तीच राहिली आहे. थंड हवेसाठी वर येणाऱ्याचा विचार आधी आणि तिथे जन्मलेल्याला नाचायला बोलावायचे.

काय करायला हवे, हे मला विचारले असते तर मी सांगितले असते. आधी पाणी मोजा. पावसाळ्यातले नव्हे, मे महिन्यातले. कालापाणी आणि शक्कर तलावात त्या महिन्यात काय उरते, आसपासच्या गावांच्या विहिरींत काय उरते, ते मोजा. त्यातून गावांचा, जनावरांचा, जंगलाचा वाटा बाजूला काढा आणि उरेल त्यावर खोल्या ठरवा. ज्या हॉटेलला पावसाचे पाणी साठवायची टाकी नाही, त्याला परवानगी देऊ नका. वरच्या पठारावर गाड्या चढवण्याऐवजी त्या खालीच थांबवा आणि तिथून स्थानिक पोरांच्या जीपा आणि एसटी सोडा. आज येताना माझी एसटी घाटात सव्वा तास एका जागी उभी होती, कारण धबधब्यासोबत फोटो काढायला लोकांनी वळणावरच गाड्या लावल्या होत्या. माझ्या शेजारी एक बाई तापलेले लेकरू मांडीवर घेऊन परतवाड्याच्या दवाखान्यात निघाली होती. ती एकदाही बोलली नाही; फक्त लेकराच्या कपाळावरचा ओला फडका उलटा-सुलटा करत राहिली.

असे कुठे होत नाही, असे कोणी म्हणू नये. माथेरानला मोटारी गावात येऊ देत नाहीत आणि तरी तिथे माणसे जातातच. आपल्याच सातपुड्यात पचमढीला धूपगडावर जायचे तर स्थानिक जिप्सी करावी लागते. उटी आणि कोडाईकनालला मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२४ च्या मे महिन्यापासून ई-पास घेतल्याशिवाय बाहेरची गाडी चढत नाही, आणि पुढच्या वर्षी न्यायालयाने रोज किती गाड्या सोडायच्या याचाही आकडा बांधून दिला. तिथे न्यायालयाला सांगावे लागले. आपण त्याआधीच शहाणे व्हावे, एवढेच माझे म्हणणे आहे. हॉटेलवाल्यांचे नुकसान होईल ही भीती अगदीच खोटी आहे असे मी म्हणत नाही. सुरुवातीला थोडे होईलही.

आणि पर्यटनाचा हा आराखडा गावात वाचून दाखवा. चिखलदरा शहराला नगरपरिषद आहे, पण भोवतालची गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तिथे आदिवासी भागातल्या ग्रामसभांसाठीचा १९९६ चा पेसा कायदा आहे, २००६ चा वनहक्क कायदा आहे आणि ग्रामसभेला अधिकार आहे. पायथ्याच्या पायविहीर गावाने सामूहिक वनहक्क मिळवून उजाड टेकड्यांवर पुन्हा जंगल उभे केले आणि तिथली सीताफळे बाजारात नेऊन विकली. हे सगळे लोक आपल्याच अचलपूर तालुक्यातले आहेत. जंगल कसे राखायचे आणि त्यातून पोट कसे भरायचे, हे शिकवायला बाहेरून सल्लागार आणायची गरज नव्हती. एखाद्या कोरकू घरात पर्यटकाने दोन दिवस राहावे, कोदो-कुटकीसारख्या भरडधान्याचे जेवण जेवावे, त्याचे पैसे त्या घरच्या बाईच्या हातात पडावेत, आणि तिने पाहुण्याला सांगावे की आमच्याकडे आंघोळीला एकच बादली मिळेल. मला खात्री आहे की चांगला माणूस ते ऐकेल. मी ऐकले होते.

हे लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे. येणारे पर्यटकही आपलीच माणसे आहेत. अमरावती, अकोला, नागपूरच्या उन्हात वर्ष काढणाऱ्यांना दोन दिवस धुके हवेसे वाटते, यात त्यांची काहीच चूक नाही. माझी मुलगी आणि जावईसुद्धा दरवर्षी जातात. पण त्यांना तिथे कोणी सांगतच नाही की पाणी कुठून येते. नळ सोडला की येते, एवढेच त्यांना माहीत. मायने मला बादली शेवटी लावायला सांगितली तेव्हा मला अपमान वाटला नव्हता. उलट त्या दिवसापासून मी त्या गावचा झालो. पाहुण्याचा मान आणि पाहुण्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळता येतात, हे त्या निरक्षर बाईला ठाऊक होते.

बैठक संपल्यावर मी जीपच्या अड्ड्यावर गेलो तेव्हा ती तिथेच होती. 'खाली लागलेली' गाडी दुसऱ्या पाहुण्यांना सोडायला गेली होती आणि नाचलेल्या मुली ओल्या पायऱ्यांवर बसून होत्या. मायने मला पाहून एवढेच विचारले, "पूछा क्या, गुरुजी?" मी काय उत्तर मिळाले ते सांगितले. तिने मान हलवली आणि नातीच्या अंगावरची शाल नीट केली. मला तिच्याकडे पाहवले नाही.

आराखड्याची एक प्रत मी बैठकीतून मागून घेतली आहे. येत्या रविवारी ती घेऊन मी मायच्या गावी जाणार आहे आणि पारावर बसून, पानापानाने, हिंदीत वाचून दाखवणार आहे. शाळेतला एक जुना विद्यार्थी ती कोरकूत समजावून सांगेल. लोक जे म्हणतील ते लिहून घेऊन, ग्रामसभेचा ठराव करून, त्यावर सह्या आणि अंगठे घेऊन संबंधित कार्यालयात देणार आहे, आणि पोच घेतल्याशिवाय उठणार नाही. ज्यांना यायचे असेल त्यांनी सकाळी साडेसातला परतवाड्याच्या बसस्थानकावर भेटावे. एसटीने जाऊ. प्यायचे पाणी प्रत्येकाने आपले सोबत आणावे.