नुकसान आपोआप उगवतं

तुमचं सोयाबीन वावरात सडलं असेल आणि त्याचा अर्ज इंग्रजीत करायची बुद्धी तुम्हाला झाली असेल, तर आधी अभिनंदन. मराठी अर्ज वाचतात. इंग्रजी अर्ज जपून ठेवतात. तहसीलच्या फाटकासमोर, चहाच्या टपरीला लागून माझं टेबल आहे. तिथं बसून अर्ज लिहिता लिहिता एक गोष्ट कळली ती फुकट सांगतो: इंग्रजीत नाव, गट नंबर, तालुका कसाही लिहा, क्रियापद मात्र तोलून घ्या. त्यातही 'कुठून आलं' आणि 'कशावरून म्हणता' या दोन प्रश्नांची क्रियापदं जास्तच.

नवशिक्यानं 'अराइज'पासून, म्हणजे उद्भवण्यापासून, सुरुवात करावी. फार गरीब क्रियापद आहे, लाथ मारत नाही. अडचण अराइज होते, थकबाकी अराइज होते, घोळ अराइज होतो. कोणी केलं नाही, कोणी आणलं नाही. पहाटे दार उघडलं तर अंगणात उभं! साहेबांना हे क्रियापद फार आवडतं, म्हणून तुम्हीही तेच वापरा. चुकूनही 'कॉज' लिहू नका. कॉज म्हटलं की करणारा लागतो, करणारा सापडला की त्याला नोटीस लागते आणि नोटिशीचा कागद संपलेला असतो.

पुराचं प्रकरण असेल तर 'ओरिजिनेट' घ्या. त्याला उगमाची एक नेमकी जागा लागते आणि सुदैवानं आपल्याकडे ती परक्या राज्यात आहे. वर्धा नदी निघते मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात, मुलताईच्या बाजूला. तापीचा उगमही तिथलाच. ती सुरतेकडे गेली, ही आपल्या वाट्याला आली. नुकसान मुलताईला ओरिजिनेट झालं असं लिहिलं की आपल्या तालुक्यातला नाला कोणी बुजवला हा प्रश्न उरत नाही. 'स्टेम फ्रॉम' म्हणजे खोडातून फुटल्यासारखं. ते बोंडअळीच्या अर्जासाठी राखून ठेवा, शोभून दिसतं.

'डिराइव्ह'पासून मात्र दूर राहा. लॅटिनमध्ये 'रिव्हुस' म्हणजे ओढा, आणि डिराइव्ह म्हणजे ओढ्याचं पाणी पाट काढून आपल्याकडे वळवणं. म्हणजे इथं कोणीतरी फावडं घेऊन उभा आहे! अराइज आणि डिराइव्हमध्ये एवढाच फरक, एका फावड्याचा. त्याच ओढ्यातून 'राइव्हल' निघाला, एकाच पाण्यावर हक्क सांगणारा तो राइव्हल. हे ऐकून आमच्या काकांना इंग्रजीबद्दल आयुष्यात पहिल्यांदा आपुलकी वाटली. धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्याशी त्यांचं पाटाच्या पाण्यावरून गेली कित्येक वर्षं बोलणं नाही. काका म्हणाले, "म्हंजे त्यायच्याइकडंबी असेच लोक हायेत!" बाकी पूर्व विदर्भात हे क्रियापद जरा अवघडच आहे. वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 1988 मध्ये झाली, पण कालव्याच्या शेवटाकडच्या काही गावांत 'डिराइव्ह' अजून भविष्यकाळातच चालवावं लागतं.

आता 'कशावरून'ची क्रियापदं. इथं माणसं जास्त बुडतात.

'डिड्यूस' पक्क्या नियमावर चालतं. पैसेवारी, म्हणजे पिकाच्या उताऱ्याचा सरकारी अंदाज, 50 पैशांच्या आत आली की गाव टंचाईत. आपल्या गावाची 47 आली. म्हणजे आपलं गाव टंचाईत. हे डिड्यूस झालं. यात चूक होऊच शकत नाही, म्हणून पैसेवारी 51 येते.

'इन्फर' चिन्हावर चालतं. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथं विस्तव असणार, हे आपले नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, सांगून गेले. वावरात धूर दिसला म्हणजे कोणीतरी पऱ्हाटी पेटवली, हे आमच्या गावातलं पोरगंही सांगतं. चिन्ह पाहायला मात्र डोळे त्या दिशेला असावे लागतात. 'सर्माइज' त्याच्याही खालचं, निव्वळ अटकळ. गंमत म्हणजे जुन्या इंग्रजी कायद्यात सर्माइज म्हणजे आरोप होता, झिजत झिजत तो अंदाज झाला. आमच्या पारावर उलटं असतं. सकाळी अंदाज, संध्याकाळपर्यंत आरोप.

एवढं ज्ञान असूनही मी कसा बुडालो ते ऐका. ऐन सोंगणीत पाऊस आला. कापून टाकलेल्या सोयाबीनला गंजी लावायलाही उसंत मिळाली नाही. चौथ्या दिवशी पेंढी उचलली तर खालच्या शेंगांना कोंब, आणि हाताला आंबूस वास. विमा होता. 72 तासांच्या आत कळवलं, फोटो चढवले. दीड महिन्यानं कंपनीचं पत्र आलं, त्यात एकच कामाचं वाक्य: 'इट इज इन्फर्ड दॅट द लॉस अरोझ ड्यू टू डिलेड हार्वेस्टिंग.' काढणी उशिरा केल्यानं नुकसान उद्भवलं, असं अनुमान निघतं.

वाक्याची कारागिरी पाहा. नुकसान आपसूक उद्भवलं आणि अनुमान आपसूक निघालं. या सगळ्यात माणूस एकच, उशीर करणारा. तोही नावानिशी नाही.

मी काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "वावरात कोन आलतं पाहाले?"

"कोणी नाही."

"मंग त्यायले समजलं कसं?"

"इन्फर केलं."

"म्हंजे?"

"अंदाज काढला."

"असं सांग ना मंग लेका. अंदाज त् मी बी काढतो. पन त्याच्यावर शिक्का नाही मारत."

मी तणतणत फोन केला. म्हटलं, तुम्ही मला आळशी म्हणता काय? तिकडून गोड आवाज: "सर, आम्ही तसं कुठं म्हटलं? तुम्ही तसा अर्थ काढला." म्हणजे त्यांनी 'इम्प्लाय' केलं आणि मी 'इन्फर' केलं! इम्प्लायच्या पोटात लॅटिनमधली घडी आहे. बोलणारा मनातलं घडी घालून देतो, ऐकणारा ती उलगडतो आणि चुरगळली म्हणून बोलणी खातो. तुम्हाला हे नवीन नाही. भर दुपारी पाहुणा दारात आला आणि घरातून विचारणा झाली, "जेवूनच आले असान नं?" तर चूल विझलेली आहे हे त्यानं इन्फर करायचं असतं आणि "हो हो, आत्ताच" म्हणायचं असतं.

हे दोन शब्द इंग्रजांनाही कधी नीट वेगळे ठेवता आले नाहीत. इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाचा मंत्री सर थॉमस मोर, त्यानं 1528 मध्ये दोन्ही आपापल्या जागी बरोबर वापरले आणि 1533 मध्ये स्वतःच इम्प्लायच्या जागी इन्फर लिहिलं. 1535 मध्ये त्याचं डोकं उडवलं. (या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, तो तुम्ही आत्ताच इन्फर केलात, तर तुम्हाला विमा कंपनीत नोकरी आहे.) खरं प्रकरण गप्प राहण्याचं होतं. राजा हा धर्माचाही प्रमुख, या गोष्टीवर मोर बोलेचना. सरकार पक्षानं त्या मौनातून दुष्ट हेतू काढला. मोर म्हणाला, कायद्याचं वचन आहे की मौनातून संमती निघते. आपल्याकडे 'मौनं संमतिलक्षणम्' पाठ असल्यानं असली डोकी उडत नाहीत. ग्रामसभेत सात माणसं गप्प बसली की ठराव सर्वानुमते मंजूर होतो, आणि आठवा जो बोलत असतो त्याचा माइक बंद पडतो. म्हणजे, तशी अडचण अराइज होते.

तर मी उत्तर लिहायला बसलो. 'इट इज इन्फर्ड'ला 'बाय हूम' विचारावं, की 'फ्रॉम व्हॉट' विचारावं? 'रिझल्टेड' घालावं की 'कॉज्ड'चं धाडस करावं? तीन मसुदे फाडले. काका रोज विचारायचे, "झालं का रे?" मी म्हणायचो, क्रियापद जमत नाही.

चाळिसाव्या दिवशी दुसरं पत्र आलं. आपल्याकडून काहीच उत्तर न आल्यानं आपण समाधानी आहात असं इन्फर करण्यात आलं असून प्रकरण 'कन्क्लूडेड' आहे. कन्क्लूडचा मूळ अर्थ दार लावून घेणं.

टेबल फाटकासमोर तिथंच आहे. अर्जाचे पानाला पन्नास रुपये. क्रियापदाचे वेगळे.