खुलासा: फेडरल करकपातीने अमेरिकेतल्या प्रत्येक राज्याचा महसूल घटत नाही

‘वॉशिंग्टनने कर कमी केला की सगळ्या राज्यांची तिजोरी तेवढीच रिकामी होते,’ हा सध्या फिरणारा दावा चुकीचा आहे. फेडरल म्हणजे केंद्र सरकारच्या कराचा नुसता दर उतरला, तर बहुतेक राज्यांच्या प्राप्तिकरावर थेट परिणाम होत नाही, कारण त्यांचे दर स्वतंत्र असतात. फटका बसतो तो करपात्र उत्पन्नाची व्याख्या बदलली की.

कोलोरॅडो आपला हिशेब फेडरल करपात्र उत्पन्नापासून सुरू करतो. तिथे १,००० डॉलरची नवी वजावट आली आणि राज्याने ती वगळली नाही, तर ४.४ टक्के दराने ४४ डॉलर बुडतात. २०२५ च्या फेडरल करकपातीच्या कायद्यानंतर ऑगस्टमध्ये तिथे विधिमंडळाचे विशेष अधिवेशन भरवावे लागले, ते याच तुटीमुळे. कॅलिफोर्निया मात्र यंत्रसामग्रीवरचा फेडरल जादा घसारा (तिची किंमत उत्पन्नातून लवकर वजा करण्याची सवलत) मानतच नाही, म्हणून त्या सवलतीची झळ तिला लागत नाही.

अलाबामात तर उलटे घडते. भरलेला फेडरल प्राप्तिकर तिथे वजा मिळतो. तो १,००० डॉलरने घटला, तर ५ टक्क्यांच्या टप्प्यातला माणूस राज्याला ५० डॉलर जास्त देतो.

स्थानिक मालमत्ता कर घराच्या मूल्यावर आकारला जातो, त्यामुळे त्याची आकारणी या कपातीने बदलत नाही.