टँकर हटवायचा, पण कोणी?

एप्रिल २०२५ मध्ये मुंबईतल्या टँकरवाल्यांनी संप केला, आणि आमच्या घरच्या ग्रुपवर दोन तट पडले. विहिरींतून पाणी उपसायला केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या ना-हरकत प्रमाणपत्राची सक्ती टँकरवाल्यांना नको होती. पालिकेने आपत्ती व्यवस्थापन कायदा बाहेर काढला, या सक्तीसाठी विहीरमालकांना दिलेल्या नोटिसांना स्थगिती मिळाली आणि पाच दिवसांत संप मिटला. ताई म्हणाली, ‘टँकर माफियाची मस्ती उतरवायलाच हवी.’ पुण्यातल्या उंड्रीचा मावसभाऊ म्हणाला, ‘उतरवा खुशाल, आधी आमच्या नळाला पाणी आणा.’

‘तुमच्याकडे बरंय, टँकर नाहीत,’ असा टोमणा मलाही बसला. आहेत की! ऑस्ट्रेलियात मेलबर्नपासून तासाभरावर माझं घर आहे, तिथे पाण्याची लाइन नाही. छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठतं. फेब्रुवारीत टाकीवर टिचकी मारली आणि खालपर्यंत पोकळ वाजली, की मीही टँकरवाल्याला फोन लावतो. फरक एवढाच, की इथे व्हिक्टोरिया राज्यात पिण्याचं पाणी वाहणाऱ्याला १९८४ च्या अन्न कायद्याखाली स्थानिक कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. पाणी म्हणजे खाद्यपदार्थ, हॉटेलातल्या जेवणासारखाच. माझ्याकडे येणारा माणूस पाइपाच्या तोंडाला झाकण लावून ठेवतो, जमिनीवर टेकू देत नाही. पाणी कुठे भरलं, हे विचारलं तर लगेच सांगतो. उंड्रीत टँकर गेटवर आला की वॉचमन तो किती भरलाय ते बघतो. कुठल्या विहिरीचा, हे कोण विचारणार? जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गुलेन-बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा कुठे टँकरच्या पाण्याचे नमुने घ्यायची धावपळ झाली.

अर्थात इथल्या शिस्तीचे गोडवे मी गाणार नाही. माझ्या रस्त्यावर घरं मोजकी, उंड्रीत एका इमारतीत तेवढी कुटुंबं.

दुष्काळात टँकर लागणारच. इथल्याच क्वीन्सलँड राज्यातल्या स्टॅनथॉर्प गावचं धरण जानेवारी २०२० मध्ये आटलं, आणि वर्षाहून जास्त काळ सगळं गाव वॉरिकहून येणाऱ्या ट्रकच्या पाण्यावर जगलं. खर्च राज्य सरकारचा. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी गेलं, तेही तसंच संकट.

उंड्रीत मात्र टँकर ऑगस्टमध्येही येतात, खडकवासला धरणातून विसर्ग सुरू असताना! हा दुष्काळ बांधकाम परवानगीच्या कागदावर तयार होतो. महापालिकेची लाइन येईपर्यंत पाणी आम्ही पुरवू, असं बिल्डर लिहून देतो. पुढे सोसायटी स्थापन होते, आणि टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये येऊन बसतं. शिव्या खायला ड्रायव्हर असतोच.

म्हणून ताईच्या बाजूने मी अर्धाच आहे. विहिरींची नोंद हवी, टँकरच्या पाण्याची तपासणीही हवी. पण नळजोड नसलेल्या इमारतीला भोगवटा पत्र देणाऱ्यांना कोणी माफिया म्हणत नाही, हे मला खटकतं. ते रोखलं तर फ्लॅट महागतील, असं ती म्हणते. महागतील, कबूल. मावसभाऊ तो फरक आत्ताही दर महिन्याला भरतोच आहे.