‘नाही’ ऐकायचंच नव्हतं, तर विचारलं कशाला?

ब्रेक्झिटचा, म्हणजे 2016 च्या सार्वमतात ब्रिटनने युरोपीय संघ सोडायचं ठरवलं त्याचा, विषय निघाला की आपल्याकडे बहुतेक जण म्हणतात, लोकांना खोट्या प्रचाराने भुलवलं. प्रचारात खोटं होतंच. पण युरोपातल्या लोकांचा पुढाऱ्यांवरचा विश्वास 2016 च्या बराच आधी उडायला लागला होता, आणि त्याला कारण पुढारीच होते, असं माझं स्पष्ट मत आहे.

29 मे 2005. युरोपीय संघाला एक राज्यघटना देणाऱ्या करारावर फ्रान्समध्ये सार्वमत झालं. जवळपास 55 टक्के मतं विरोधात. तीनच दिवसांनी नेदरलँड्समध्ये 61.5 टक्के विरोधात. तिथल्या संसदेतले बहुतेक मोठे पक्ष कराराच्या बाजूने होते. त्यांना निवडून देणारे लोक मात्र दुसरीकडे उभे होते. थांबून विचार करायची वेळ होती ती.

झालं काय? ‘राज्यघटना’ हा शब्द गेला, झेंडा आणि गीताचा उल्लेख गेला, आणि बाकीचं बरंचसं जुन्या करारांतल्या दुरुस्त्या म्हणून 2007 च्या लिस्बन करारात आलं. आधीचा मसुदा ज्यांच्या अध्यक्षतेखाली तयार झाला, त्या जिस्कार देस्तँ यांनीच लिहिलं की प्रस्ताव जवळपास तेच आहेत. पाटी बदलली, दुकान तेच. या वेळी दोन्ही देशांनी लोकांना विचारलंच नाही, संसदेत मंजुरी घेतली. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सार्कोझींनी हे निवडणुकीआधीच सांगितलं होतं, हे मान्य. तरी लोकांनी दिलेला नकार लोकांनाच विचारून बदलायला हवा होता.

आयर्लंडमध्ये घटनेमुळे विचारणं भागच होतं. जून 2008 मध्ये 53.4 टक्के ‘नाही’. मग तटस्थता, कर, गर्भपात यांबाबत हमी दिली गेली, युरोपीय आयोगात, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळात, प्रत्येक देशाचा आयुक्त कायम ठेवायचं ठरलं, आणि 2009 मध्ये 67 टक्के ‘हो’ आलं. हमी खऱ्या होत्या, त्यांना मी कमी लेखत नाही. पण कराराचा मजकूर तोच होता. आणि ‘हो’ आल्यावर पुन्हा विचारायला कुणी आलं नाही.

मी युरोपीय संघाच्या विरोधात नाही. शतकानुशतकं एकमेकांशी लढलेले देश एका टेबलाशी बसतात, याचं मला मोल वाटतं. म्हणूनच हे जास्त लागतं.

नेदरलँड्सचं पुढचंही सांगते. एप्रिल 2016 मध्ये युक्रेनबरोबरच्या सहकार्य करारावर तिथे सल्लादायी सार्वमत झालं. मतदान जेमतेम 32 टक्के, पण त्यात 61 टक्के ‘नाही’. सरकारने सोबत एक खुलासा जोडून घेतला आणि करार मंजूर केला. 2018 मध्ये सार्वमताचा तो कायदाच रद्द केला.