"लाइव्ह होतं की" असं कृपा करून म्हणू नका

काल, ७ सप्टेंबर २०२५ ला रात्री, खग्रास चंद्रग्रहण होतं. तब्बल ८२ मिनिटं चंद्र पृथ्वीच्या गडद सावलीत होता. मी दहापासून दुर्बीण लावून बसलो आणि साडेबारापर्यंत नुसते ढग पाहिले. सकाळी मित्राचा मेसेज : "एवढं काय मनाला लावून घेतोस? लाइव्ह होतं की, मोबाइलवर बघायचं."

सकाळपासून हे वाक्य डोक्यात घुमतंय.

२००४ मध्ये शुक्राचं अधिक्रमण झालं, म्हणजे शुक्र ठिपक्यासारखा सूर्यबिंबावरून सरकत गेला, तेव्हा मी तापाने फणफणलो होतो. बाबा म्हणाले, आठ वर्षांनी परत आहे. आठ वर्षं थांबलो. ६ जून २०१२ ला पहाटे चारला दोघं गच्चीवर. सूर्याची प्रतिमा पाडायला पांढरा कागद, तो बाबांच्या हातात. सूर्य उगवला तोच ढगांत. अधिक्रमण संपलं तरी बाबा कागद धरून उभेच होते. कागद कोरा. पुढचं अधिक्रमण डिसेंबर २११७ मध्ये! आणि हे मला सांगतात, मोबाइलवर बघ. तो कागद कुठल्या मोबाइलवर दिसतो?

मान्य, लाइव्ह प्रक्षेपणातलं चित्र माझ्या दुर्बिणीपेक्षा स्पष्ट असतं. असू दे.

ल जांती नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ १७६१ चं हेच अधिक्रमण बघायला पाँडिचेरीला निघाला. पोहोचेपर्यंत ते इंग्रजांनी घेतलेलं. अधिक्रमण त्याने भर समुद्रात पाहिलं, पण हलत्या जहाजावरून मोजमाप कसलं घेणार? मग घरी न जाता तो १७६९ च्या अधिक्रमणासाठी इकडेच राहिला. त्या सकाळी पाँडिचेरीवर ढग. १७७१ मध्ये मायदेशी परतला तर त्याला मेलेला धरून वारसांत त्याच्या मालमत्तेची वाटणी चाललेली. त्याची गोष्ट लोक हसत हसत सांगतात. मला कधीच हसू आलं नाही. त्याने मधली आठ वर्षं कशी काढली असतील, एवढंच मनात येतं.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. मित्राने प्रेमानेच लिहिलं होतं, कळतं मला.

त्या दिवशी गच्चीवरून उतरताना बाबा म्हणाले होते, "कागद ठेवून दे. २०१६ ला बुध आहे." बस, एवढंच. ९ मे २०१६ च्या संध्याकाळी त्याच कागदावर बुध उमटला, टाचणीच्या टोकाएवढा. बाबांना दिसेना. मी ठिपक्याशेजारी बोट ठेवलं, तेव्हा ते कितीतरी वेळ वाकून बघत राहिले.

कागद अजून दुर्बिणीच्या पेटीत आहे, कडा पिवळ्या पडल्यात. ३१ डिसेंबर २०२८ ला पुन्हा खग्रास चंद्रग्रहण आहे, ते वहीत लिहून ठेवलंय. आणि आज रात्री शनी चंद्राच्या जवळच आहे, कडी यंदा अगदी रेघेसारखी बारीक. ढग अजून हटलेले नाहीत. नऊला दुर्बीण वर नेतोय.